दहा गुणांपलीकडची सेवा

मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलालगत वाहणारा वाकोला नाला पुढे मिठी नदीला मिळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा या परिसराने काय सोसले हे मुंबईकर विसरलेले नाहीत. भूगोल, रसायन, समाजशास्त्र यांचे धडे जेथे दिले जातात, तेथून हाकेच्या अंतरावर त्या विषयांचा एवढा मोठा पाठ पडून असावा आणि अभ्यासक्रमाने त्याची क्वचितच दखल घ्यावी, ही खेदाची गोष्ट होय.

सेवा व शिक्षण यांची सांगड आपल्याला नवी नाही. गांधी जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर, अशी तिची आखणी. परंतु मुंबईत तिची ओळख राहिली ती परीक्षेतील दहा गुणांच्या सवलतीमुळे! सेवेत गेलेला वेळ म्हणजे अभ्यासाची हानी आणि हे गुण तिची भरपाई, असाच या सवलतीचा अर्थ लावला गेला.

अनुभव मात्र निराळे सांगतो. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2000 साली बावीस हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेवाकार्य करणाऱ्यांचे गुण, लेखन व विचारशक्ती यांत सुधारणा आढळली. हुशार मुलेच सेवेकडे वळतात, हा आक्षेप येथे पुरेसा नाही. विद्यार्थ्यांची प्रवेशापूर्वीची स्थिती त्यात जमेस धरली होती. विशेष म्हणजे, सेवा अभ्यासविषयाशी जोडली गेली आणि तिच्यावर चर्चा झाली, तेथे लाभ अधिक होता. निव्वळ श्रमदानाने विद्या वाढत नाही. श्रमांचा विचार केल्याने वाढते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने समाजकार्याला श्रेयांकांचा मार्ग खुला केला आहे. मात्र दहा गुणांच्या जागी श्रेयांक आले आणि हजेरीपट तोच राहिला, तर काय साधले? रसायनाच्या विद्यार्थ्याने नाल्याचे पाणी तपासावे, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तीतील आजारांची मोजदाद करावी, आणि निष्कर्ष रहिवाशांपुढेही मांडावेत. हे तास वेळापत्रकातच हवेत; संध्याकाळी नोकरी करून शिकणाऱ्या मुलावर त्यांचा जादा भार पडता कामा नये. मार्गदर्शक प्राध्यापकाच्या कार्यभारातही ते मोजले जावेत. एवढे केले, तर भरपाईचे गुण वाटण्याची गरजच उरणार नाही.