विश्वस्त की मालक?



आपल्यातले कितीतरी डॉक्टर, उद्योजक आणि देणगीदार अमेरिकेतल्या छोट्यामोठ्या इस्पितळांच्या बोर्डावर आहेत. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण त्या मानाच्या खुर्चीत बसून इस्पितळ पोखरताही येते.

बाल्टिमोरचे उदाहरण घ्या. युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलँड मेडिकल सिस्टिम ही ना-नफा संस्था गावोगावची इस्पितळे चालवते. कॅथरीन प्यू २००१ पासून तिच्या बोर्डावर होत्या. पुढे त्या शहराच्या महापौरही झाल्या. त्यांनी लिहिलेल्या बालपुस्तकांच्या एक लाख प्रती संस्थेने पाच लाख डॉलर्सना घेतल्या. मार्च २०१९ मध्ये हे उघडकीला आले, तेव्हा इतरही काही सदस्यांचे संस्थेशी धंद्याचे व्यवहार असल्याचे दिसले. एप्रिलमध्ये मुख्याधिकारी रॉबर्ट क्रेन्सिक यांनी राजीनामा दिला. मे महिन्यात प्यू यांनी महापौरपद सोडले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

कुंपणच शेत खाते, ते असे. मुख्याधिकाऱ्याला दोष जरूर द्यावा. पण ज्यांच्या हाती आपली नेमणूक आणि पगार, त्यांना तो 'नाही' कसे म्हणणार?

प्रत्येक ठिकाणी पैसाच खाल्ला जातो असे नाही. कुणी सदस्य विभागप्रमुखाला परस्पर फोन करून हुकूम सोडतो. कुणी ओळखीच्या सर्जनसाठी शब्द टाकतो. कुणी बैठकीत ठरावाला हात वर करतो आणि पार्किंग लॉटमध्ये त्याच ठरावाची टिंगल करतो. खरा हुकूम कुठून सुटतो हे कर्मचाऱ्यांना लगेच कळते. मग वॉर्डात नर्सेस कमी आहेत ही तक्रार मुख्याधिकाऱ्याकडे न्यायची कशाला? शेवटी भोगतो तो रुग्ण.

याचा अर्थ बोर्डाने माना डोलवाव्यात असा मुळीच नाही. हिशेब मागणे, अडचणीचे प्रश्न विचारणे, वेळ पडल्यास मुख्याधिकारी बदलणे, हे त्याचेच काम आहे. मात्र ते बैठकीत, सर्वांसमोर व्हावे. बैठक संपली की सदस्य हा इतरांसारखाच एक नागरिक.

आपल्या गावच्या ना-नफा इस्पितळाचा फॉर्म ९९० कुणालाही पाहता येतो. त्यातल्या 'शेड्यूल एल'मध्ये बोर्डाच्या सदस्यांशी झालेले व्यवहार नोंदवावे लागतात. या आठवड्यात तो जरूर उघडून पाहा. आणि आपण स्वतः बोर्डावर असाल, तर त्यात आपले नाव येऊ नये याची काळजी घ्या.

– संपादक मंडळ