दारूगोळा विदर्भात, विचार दिल्लीत

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकात 'सार्वजनिक वस्तू' या संकल्पनेचे पहिले उदाहरण बहुधा राष्ट्राच्या संरक्षणाचे असते. संरक्षणाचा लाभ सर्वांना मिळतो, एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही आणि ज्याने कर भरला नाही त्यालाही त्यातून वगळता येत नाही, एवढे सांगून पुस्तक पुढच्या प्रकरणाकडे वळते. शिक्षकही वळतो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्या बाबीसाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची, म्हणजे एकूण खर्चाच्या जवळजवळ साडेतेरा टक्के, तरतूद होती, तिची आपल्या महाविद्यालयांतील बोळवण अशी एका ओळीत होते.

चंद्रपूर जिल्ह्यात ही उपेक्षा अधिकच खटकते. ताडोबाच्या वाटेवरचे मोहर्ली ज्या भद्रावती तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात चांद्याची आयुध निर्माणी आहे. अंबाझरी आणि भंडारा येथील निर्माणी, पुलगावचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार ही सारी विदर्भातच आहेत. देशाच्या या कोठाराची किंमतही विदर्भाने मोजली आहे. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या भांडाराला आग लागून अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी प्राणास मुकले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीतील स्फोटाने किमान आठ कामगारांचा बळी घेतला. येथील तरुण निर्माणीत कामगार होऊ शकतो, सैन्यात जवान होऊ शकतो, गडचिरोलीत पोलीस दलात भरती होऊ शकतो. परंतु ही शस्त्रे कशासाठी, कोणाविरुद्ध आणि किती, याचा अभ्यास करण्यात आयुष्य वेचावे, असे त्याच्या स्वप्नातही येत नाही; कारण असा काही व्यवसाय असतो हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

वचकाचे अर्थशास्त्र

संरक्षणशास्त्र हा निवृत्त सेनाधिकाऱ्यांचा प्रांत आहे, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः अण्वस्त्रयुगातील युद्धनीतीची तात्त्विक बैठक घालण्यात अर्थशास्त्रज्ञांचा वाटा फार मोठा आहे. चार्ल्स हिच आणि रोलंड मॅकीन यांनी १९६० साली अण्वस्त्रयुगातील संरक्षणाचे अर्थशास्त्र ग्रंथरूपाने मांडले, आणि पुढच्याच वर्षी हिच यांच्या हाती अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे हिशेब सोपविण्यात आले. त्याच १९६० साली थॉमस शेलिंग यांचा संघर्षनीतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शेलिंग हे सेनानी नव्हते, प्राध्यापक होते. २००५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: इजा करण्याचे सामर्थ्य हे सौद्यातील बळ आहे आणि ते राखून ठेवण्यातच त्याचे यश आहे. मात्र प्रतिपक्षाला धमकी खरी वाटली पाहिजे, आणि आपण हात आवरला तर समोरचाही आवरील, ही खात्रीही त्याला वाटली पाहिजे. धमकीइतकेच आश्वासन महत्त्वाचे.

या संकल्पनेसाठी आपण 'प्रतिरोधन' असा जड शब्द घडविला. परंतु भीती, धाक, जरब आणि वचक असे चार निरनिराळ्या छटांचे शब्द मराठीत आधीपासूनच आहेत. भीती मनात असते, धाक वडीलधाऱ्याचा असतो, जरब कृतीने बसते. वचक मात्र कृती न करताच टिकतो. अण्वस्त्रांचे सारे शास्त्र या शेवटच्या शब्दात सामावलेले आहे.

राष्ट्रांच्या युतीचे कोडेही मोहर्ली परिसरातील शेतकऱ्याला परके वाटू नये. रानडुकरांपासून पीक वाचवायचे तर रात्री जागलीला जावे लागते. ज्याचे शेत मोठे तो मचाणावर बसून आरोळ्या देतो. त्याच्या धुऱ्याला लागून ज्याची दीड एकराची पट्टी आहे तो घरी निजतो, कारण शेजाऱ्याच्या आवाजाने त्याचेही पीक वाचते. मान्कर ओल्सन आणि रिचर्ड झेकहाऊसर या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली युतीचा जो सिद्धान्त मांडला त्याचा गाभा हाच आहे: सामायिक संरक्षणात मोठ्या राष्ट्रावर प्रमाणाबाहेर भार पडतो आणि लहान राष्ट्रे हात राखून खर्च करतात. 'नाटो'ने २०१४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांचे उद्दिष्ट ठरविले, आणि २०२५ साली हेगच्या बैठकीत ते २०३५ पर्यंत पाच टक्क्यांवर नेण्याचे मान्य केले. त्यामागचे भांडण जागलीचेच आहे. पुढे एकाने तारेचे कुंपण घातले की डुकरे दुसऱ्याच्या शेतात शिरतात, म्हणून तोही कुंपण घालतो. सर्वांचा खर्च वाढतो आणि सुरक्षितता फारशी वाढत नाही. शस्त्रस्पर्धा म्हणतात ती हीच. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ च्या आरंभी भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे किमान ६०० अण्वस्त्रे होती. यांपैकी किती पुरेशी, हा प्रश्न शौर्याचा नसून हिशेबाचा आहे.

तैनाती फौजेचा विसर

युतीचा अभ्यास न करण्याची किंमत काय असते, हे तर आपल्या इतिहासात नोंदलेलेच आहे. १७८० च्या सुमारास नाना फडणवीसांनी निजाम, हैदरअली आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. वॉरन हेस्टिंग्जने गुंटूर परत करून निजामाला शांत केले आणि पैसा चारून मुधोजी भोसल्यांना बंगालपासून दूर ठेवले. चौघांची युती दोघांवर आली. १८०२ साली वसईच्या तहाने पेशव्याने तैनाती फौज पत्करली. १८१६ साली नागपूरच्या आप्पासाहेबांनीही ती पत्करली. आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. सालबाई, वसई, देवगाव ही तहांची नावे आपली मुले सनावळीसह पाठ करतात. परंतु युती का फुटते, दुर्बळ मित्र केव्हा ओझे होतो आणि बलिष्ठ मित्र केव्हा मालक होतो, हे प्रश्न त्या पाठांतरात कोठेच नसतात.

हे प्रश्न शिळे झालेले नाहीत. ९ ऑगस्ट १९७१ च्या सोव्हिएत कराराने भारताने अलिप्तता सोडली की सांभाळली, यावर अद्याप वाद घालता येतो. आज भारत रशियाकडून शस्त्रे घेतो, फ्रान्सकडून विमाने घेतो आणि अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया यांच्यासह 'क्वाड'मध्ये बसतो. सप्टेंबर २०२५ मध्ये पाकिस्तान आणि सौदी अरेबिया यांनी परस्पर संरक्षणाचा करार केला. या गुंतागुंतीचा अर्थ लावणारी माणसे दहा-पंधरा वर्षांच्या अभ्यासाने तयार होतात. आयत्या वेळी ती मिळत नाहीत.

विद्वान आणि प्रवक्ता

या बाबतीत महाराष्ट्र अगदीच निष्क्रिय राहिला, असे म्हणता येणार नाही. १९६२ च्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९६५ साली, दिल्लीत संरक्षण अभ्यास व विश्लेषण संस्था स्थापन झाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि तेथील प्रा. श्रीकांत परांजपे यांनी संसद व अणुधोरण यांच्या संबंधावर १९९७ सालीच ग्रंथ लिहिला. मराठी विश्वकोशानेही युद्धशास्त्राला आपल्या विषयांत स्थान दिले. परंतु तुर्भ्याच्या अणुकेंद्राने अनिल काकोडकरांसारखे शास्त्रज्ञ देशाला दिले, त्या मानाने त्या अस्त्राचा राजकीय आणि आर्थिक विचार करणाऱ्यांची संख्या मराठी समाजात फारच तोकडी आहे.

त्याची कारणे उघड आहेत. अध्यापनाच्या जागा थोड्या. त्यासाठी पात्रता परीक्षा आहे, पण ती उत्तीर्ण होऊन जावयाचे कोठे हा प्रश्न उरतो. संशोधनसंस्था दिल्लीत एकवटलेल्या. साधनग्रंथ इंग्रजीत. आणि कागदपत्रे कुलुपात: १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ साली सादर झाला, पण सरकारने तो अधिकृतपणे कधीच प्रसिद्ध केला नाही. युद्धविषयक कागदपत्रे साधारणतः पंचवीस वर्षांत खुली करण्याचे धोरण संरक्षण मंत्रालयाने २०२१ साली जाहीर केले. त्याचा प्रत्यय संशोधकाच्या टेबलावर यावयास हवा.

विद्वानांची ही जागा रिकामी राहिली की ती प्रवक्ते व्यापतात. मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षाच्या चार दिवसांत दूरचित्रवाणीवर जे चालले ते आठवावे. न पडलेली शहरे पडली असे सांगितले गेले आणि अण्वस्त्रधारी शेजाऱ्याशी 'आर या पार'ची भाषा सहजपणे बोलली गेली. १० मे रोजी दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांच्या दूरध्वनीवरील बोलण्यातून ती लढाई थांबली. ओरडणाऱ्यांना मात्र थांबणे हाच पराभव वाटला. अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे धोरण भारताने ४ जानेवारी २००३ रोजी अधिकृत केले. २०१६ साली संरक्षणमंत्री पर्रीकरांनी, व्यक्तिगत मत म्हणून, त्याविषयी शंका व्यक्त केली. २०१९ साली राजनाथ सिंह यांनी पुढचे परिस्थितीवर अवलंबून राहील असे म्हटले. एवढ्या मोठ्या प्रश्नावर किती महाविद्यालयांत चर्चा झाली? ज्या समाजाला वचक म्हणजे काय हे कळत नाही, तो समाज एके दिवशी वचकाऐवजी प्रत्यक्ष वापराचीच मागणी करू लागतो. खरा धोका येथे आहे.

दोन आक्षेप

या अभ्यासाने युद्धखोरी बळावेल, असा एक आक्षेप घेतला जातो, आणि सेवाग्राम-पवनारच्या शेजारी राहणाऱ्यांनी तो गांभीर्याने घेतला पाहिजे. पण रोगाचा अभ्यास करणारा वैद्य रोग पसरवीत नाही. शेलिंग यांनी आग्रह धरलेला वॉशिंग्टन-मॉस्को थेट संपर्क १९६३ साली सुरू झाला तो युद्ध टळावे म्हणूनच. भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले आहेत. हेही संरक्षणशास्त्राचेच फळ आहे.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा आहे आणि तो खोटा नाही. केवळ या विषयाची पदवी घेऊन नोकरी मिळेल, असे कोणत्याही विद्यार्थ्याला सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणूनच नव्या विभागांची आणि इमारतींची मागणी करण्यापूर्वी जे सहज शक्य आहे ते करावे. २०११ साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांच्या पदव्युत्तर वर्गांना संरक्षणाचे अर्थशास्त्र हा एक ऐच्छिक पेपर द्यावा. त्याची क्रमिक पुस्तके मराठीत लिहविली जावीत. संशोधनाला विषय दाराशीच आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि चांदा व भंडारा येथील निर्माणी 'म्युनिशन्स इंडिया'कडे गेल्या. या बदलाने उत्पादन, रोजगार आणि कामगारांची सुरक्षितता यांवर काय परिणाम झाला, याचा शोध दिल्लीहून कोणी येऊन घेण्याची वाट का पाहावी?

अशा अभ्यासातून वर्षाकाठी दोन विद्यार्थी जरी पुण्या-दिल्लीच्या संशोधनवर्गांपर्यंत पोहोचले, तरी दहा वर्षांत वीस होतात. उरलेले शिक्षक, पत्रकार, तहसीलदार किंवा निर्माणीतले कामगार होतील. पण अर्थसंकल्पातील तो मोठा आकडा वाचताना त्यांना प्रश्न सुचतील. संरक्षण ही सार्वजनिक वस्तू आहे, असे पाठ्यपुस्तक म्हणते. मग तिच्याविषयीचा विचार काही थोड्यांची खासगी मालमत्ता राहणे लोकशाहीला परवडणारे नाही.