पडद्यामागची पेटी

गोकुंद्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मालक बांधकामावर मिस्त्री, त्या स्वतः मजुरीला जातात. धाकटा मुलगा बारावीला आहे. तो गायन पार्टीत दुसऱ्याच्या कॅसिओवर साथ करतो आणि आता अकरा हजारांचा स्वतःचा हवा म्हणून हटून बसला आहे. "टीव्हीवरच्या मालिकांना संगीत देईन म्हणतो. त्याचे वडील म्हणतात, पेटी बडवून कोणाचे पोट भरले? ताई, काय करावे?"

ताई, तुमच्या मालकांचा प्रश्न खोटा नाही. ज्याला रोजाने कमवावे लागते त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण पेटीवर पोट भरलेली माणसे आहेत. ती पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून आपल्याला ठाऊक नसतात.

तुम्हाला १९८८ चा १५ ऑगस्ट आठवतो का? आमच्या आळीत तेव्हा एकच टीव्ही होता. दारात चपलांचा ढीग आणि आत मुंगी शिरायला जागा नाही. पुढे वर्षानुवर्षे दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' लागत राहिले. त्यात पंडित भीमसेन जोशी दिसले, नटनट्या दिसल्या, खेळाडू दिसले. मात्र भैरवीतली ती चाल अशोक पत्कींची आणि त्यामागचा वाद्यमेळ लुई बँक्स यांचा, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना कळले? मला स्वतःला फार उशिरा कळले.

हे दोघेही १९४१ सालचे. बँक्स दार्जिलिंगचे, नेपाळी घरातले. वडील ट्रम्पेट वाजवीत. मोठमोठ्या हॉटेलांतून पाश्चात्त्य संगीत वाजवायचे म्हणून त्यांनी आडनाव बँक्स केले आणि मुलाला लुई आर्मस्ट्राँग या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादकाचे नाव दिले. मुलाचा पहिला गुरू बापच. पुढे मुलगा पियानोकडे वळला, काठमांडू आणि कलकत्त्याच्या हॉटेलांत वाजवू लागला. राहुलदेव बर्मन यांनी त्यांना मुंबईत आणले. जॅझ हे त्यांचे खरे प्रेम, परंतु आपल्या देशात जॅझवर घर चालत नाही. घर चालवले ते जाहिरातींच्या संगीताने. तीस सेकंदांत साबण नाहीतर चहा लोकांच्या डोक्यात बसवायचा, हे काम त्यांनी कमीपणाचे मानले नाही.

पत्कींचा रस्ता आपल्याला अधिक जवळचा. सुमन कल्याणपूर यांच्याबरोबर पेटीची साथ, जितेंद्र अभिषेकींच्या हाताखाली नाट्यसंगीताचे काम, मग जाहिराती, मग मालिका. दूरदर्शनच्या 'गोट्या'चे शीर्षकगीत त्यांचे. १९९९ मध्ये 'आभाळमाया' आली आणि नंतर 'वादळवाट', त्यांचीही गीते त्यांचीच. ते सूर कानी पडले की चुलीजवळची बाईसुद्धा हात पुसत बाहेर येई. 'अंतर्नाद' या कोंकणी चित्रपटाच्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोपर्यंत त्यांनी साठी ओलांडली होती. मुलाला हे जरूर सांगा. त्याला वाटते दोन वर्षांत नाव होईल.

आता पैशाचे. एका मालिकेला शीर्षकगीत एकदाच लागते, पण पार्श्वसंगीत रोज लागते. सासू दारात उभी राहिली की वाजते ते. पूर्वी अशा कामाला व्हायोलिनवाल्यांचा ताफा बसे. आता एकटा माणूस की-बोर्ड आणि कॉम्प्युटर घेऊन ते उरकतो. यात कित्येक वादकांची रोजी गेली, हेही खरे आहे. म्हणून नुसते वाजवता येऊन भागणार नाही, कॉम्प्युटरवर ध्वनिमुद्रण शिकावे लागेल आणि स्वरलिपी वाचता आली पाहिजे. आपली पोरे कानाने उचलतात, एकदा ऐकले की हुबेहूब वाजवतात. गायन पार्टीत तेवढ्याने चालते. मुंबईत समोर कागद ठेवला की अडते.

दुसरी गोष्ट कागदाचीच. गाणे गाजते आणि चाल करणाऱ्याच्या हातावर एकदाच काही रुपये टेकवले जातात, असे फार झाले. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा सुधारला. आता गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारसाखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणाला लिहून देता येत नाही. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही अशी संस्था आहे, तेथे सभासद होता येते. एप्रिल महिन्यात आपल्या पार्ट्यांतून किती नव्या चाली होतात! कॅसेटच्या काळात त्या कोणी कोणी विकल्या आणि करणाऱ्याच्या घरात काय आले, ते म्हाताऱ्या शाहिरांना विचारा.

ताई, माझे मत विचाराल तर बारावीची परीक्षा होऊ द्या. मग वाद्य घ्या, पण नवे नको. एकसष्ट पट्ट्यांचे जुने, चालू स्थितीतले पुरे आहे. पियानोला अठ्ठ्याऐंशी असतात, त्या पुढे बघता येतील. घेताना मुलाला बरोबर न्या, प्रत्येक पट्टी दाबून पाहू द्या आणि हेडफोनची जागा चालू आहे ना ते तपासा. एका खोलीच्या घरात वडील कामावरून येऊन झोपलेले असताना त्याला रियाज करायचा आहे. निम्मे पैसे त्याने पार्टीच्या बिदागीतून घालावेत, आणि त्याचे शिक्षण मात्र सुटू नये. मालकांनाही हे पत्र वाचून दाखवा. ते काय म्हणाले ते मला कळवा.