मुलांच्या पाहणीत आईची मजुरी कुठे आहे?

मुलांसाठीच्या धोरणांना उपयोगी पडेल असे संशोधन कोणते, त्याचे अग्रक्रम ठरवण्यासाठी मध्यंतरी एका बैठकीला गेले होते. फळ्यावर विषय लिहिले गेले : कुपोषण, शाळागळती, बालमजुरी, बालविवाह. प्रत्येकासाठी वेगळा गट. मी बीडकडच्या ऊसतोडणी कामगार बायकांबरोबर काम करते. मला कळेना, बसू कुठल्या गटात? आमच्याकडे हे चारही विषय एकाच मुलीच्या वाट्याला येतात.

हंगाम आला की टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', उचलही जोडीची. पहाटे आई फडात जाते. तान्हे मूल कोपीवर, आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा तिथेच सुटते. ती वयात आली की 'मागे एकटी कुठे ठेवायची?' या धास्तीने लग्न उरकतात आणि आणखी एक कोयता उभा राहतो. या एका गोष्टीचे आपण चार अहवाल करणार!

आकडे नकोत असे मी म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती, आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती. पण 'किती' हे कळल्यावरही पुन्हा पुन्हा 'किती' एवढेच विचारायचे का?

नेमका प्रश्न काय करू शकतो हे गडचिरोलीने दाखवले. बाळे घरीच जन्मतात, घरीच दगावतात. मग गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले तर? 'सर्च' संस्थेचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. २०११ पासून आशाताईंच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. पण बाळासाठी दारोदार जाणारी ही आशा सरकारदरबारी अजून 'स्वयंसेविका'च आहे, कर्मचारी नाही. बाळाचा प्रश्न धोरणात आला, बाईच्या श्रमाचा दारातच थांबला.

म्हणून माझे अग्रक्रम असे. पहिला, पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक झाले. फडातल्या बाईचा मालक कोण, मुकादम की कारखाना? पाळणाघर पहाटे कोण उघडणार, खर्च कोण देणार? याची उत्तरे शोधा. दुसरा, स्थलांतरित मूल. नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल कारखान्यावर, तर त्याचा आहार कुणाच्या वहीत चढतो? तिसरा, हंगामी वसतिगृहे. मुली तिथे का राहतात, का राहत नाहीत, हे मुलींनाच विचारा.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, मुलांच्या प्रश्नात बाईला आणले की ती पुन्हा फक्त 'आई' उरते. ही भीती खोटी नाही. 'मातांचे अज्ञान' हे कारण पुढे करणारे लेखन आपण पुष्कळ वाचले आहे. म्हणूनच तिचे ज्ञान तपासण्याआधी तिचे कामाचे तास मोजा, मजुरी मोजा, आणि मूल सांभाळण्यात बापाचा वाटा किती तेही विचारा. मग ती पाहणीत नुसती आई म्हणून नाही, कामगार म्हणून येईल.

शेवटी एक अट. निघताना एक बाई मला म्हणाली होती, "दरसाली कुणीतरी लिहून नेतं. पुढं काय झालं ते सांगाया कुणी माघारी येत नाही." निष्कर्ष मुंबई-दिल्लीला जाण्याआधी वस्तीत वाचून दाखवावेत, बायकांनी 'हे चूक' म्हटले तर दुरुस्त करावेत. एवढे ज्या संशोधनाला जमत नाही, त्याला आपल्या गटांनी माहिती का द्यावी?

मैत्रिणींनो, तुमच्या भागातला पहिला प्रश्न कोणता? पुढच्या बैठकीआधी आपल्या वस्तीत तो ठरवा. नाहीतर फळ्यावरचे विषय आपल्याऐवजी दुसरेच कुणीतरी लिहितील.