टँकमध्ये जंत दिसले, की लगेच औषध?

दूधदुभत्याच्या कोल्हापुरात जंतनाशकाची बाटली कुणाला नवी नाही. म्हशीला खाल्लेले अंगी लागेना, की पहिला संशय जंतांचा आणि पहिला उपाय औषध पाजण्याचा. घरात हौसेने खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक सांभाळणारेही काचेवर चपटे किडे वळवळताना दिसले, की याच बाटलीकडे वळतात. माझ्या मते ही घाई किड्यांपेक्षा जास्त नुकसान करते.

टँकमध्ये सर्वांत जास्त त्रास देतो तो तांबूस रंगाचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, पानासारखा चपटा जीव. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडात त्याला अन्न पुरवते, म्हणून तो दिव्याखालच्या जागा धरतो. पिल्लासाठी त्याला जोडीदार लागत नाही. शरीरालाच अंकुर फुटतो आणि नवा जीव सुटा होतो. त्यामुळे आज चार दिसले, तर काही आठवड्यांत दगडांवर गालिचा पसरू शकतो. तो प्रवाळ खात नाही, पण त्यांच्यावर थर धरून उजेड अडवतो. प्रवाळही आपल्या शरीरातल्या शैवालावर जगतात. उजेड अडला, की त्यांची उपासमार सुरू होते.

पण प्रत्येक चपटा किडा शत्रू नसतो. काचेवर फिरणारे काही पारदर्शक कृमी निरुपद्रवी असतात. उलट, प्रवाळांचे मांस खाणारा एक कृमी त्यांच्याच रंगात असा मिसळतो, की नजरेला पडतच नाही. त्याचे शास्त्रीय वर्णनही 2011 मध्येच झाले. त्याची अंडी औषधी पाण्यात बुडवूनही मरत नाहीत. म्हणून आधी भिंगाखाली पाहून ओळख पटवावी आणि मगच उपाय ठरवावा.

आता औषधाचे पाहू. तांबूस किड्यांवर लेव्हामिसॉल लागू पडते. गुरांमध्ये मात्र हे औषध गोल कृमींसाठी देतात, यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींवर ते चालत नाही. मग टँकमधल्या चपट्यांवर कसे चालते? जनुकीय अभ्यासानंतर या तांबूस किड्यांना खऱ्या चपट्या कृमींच्या गटातून बाहेर काढले गेले आहे. सारख्या दिसण्यावरून औषध ठरवणे किती फसवे आहे, ते यातून कळते. शिवाय गुरांच्या बाटलीत लेव्हामिसॉलबरोबर अनेकदा ऑक्सिक्लोझानाइड हे दुसरे औषधही असते. बाटलीवरची मात्रा जनावराच्या वजनाची असते, पाण्याच्या लिटरची नव्हे. माणसांमध्ये लेव्हामिसॉलमुळे पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे अशी बाटली मुलांच्या हाती लागेल तिथे ठेवू नये.

खरा धोका किडे मेल्यावर सुरू होतो. मरताना त्यांच्या शरीरातून विषारी द्रव्ये पाण्यात उतरतात. हजारो किडे एकदम मेले, तर मासे तासाभरातही दगावू शकतात. म्हणून आधी बारीक नळीने जितके निघतील तितके किडे ओढून काढावेत, आणि हे काही दिवस रोज करावे. खाणे कमी टाकावे, पाण्याचा प्रवाह वाढवावा. औषध लागलेच, तर ते टँकसाठी बनवलेले असावे आणि सक्रिय कोळसा व बदलायचे पाणी आधी तयार असावे. कोल्हापूरहून समुद्र रस्त्याने शंभर किलोमीटरहून दूर आहे, ऐनवेळी पाणी मिळणार नाही. शंभर लिटरच्या टँकचे तीस लिटर पाणी बदलायचे, तर लिटरला 35 ग्रॅमप्रमाणे किलोभर समुद्री मीठ लागते. ते आदल्या दिवशीच विरघळवून ठेवावे.

यकृतकृमीचा अनुभव असलेल्या गोपालकाला यातले मर्म सांगावे लागत नाही. तो कृमी पाणथळ जागेतल्या गोगलगायींमार्फत पसरतो. जनावराला औषध पाजले आणि पुन्हा त्याच दलदलीच्या कडेला चरायला सोडले, तर रोग परत येतो. टँकमध्येही किडा येतो तो नव्या प्रवाळावरून, दगडावरून किंवा शैवालातून. ती वाट बंद केली नाही, तर औषधाचा खर्च वारंवार येत राहतो. अपुरी मात्रा पुन्हापुन्हा दिल्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात, हे शेळ्यामेंढ्यांच्या बाबतीत जगभर दिसले आहे.

नवी म्हैस गोठ्यात आणली, की काही दिवस वेगळी बांधा, असे पशुवैद्यक सांगतात. तोच नियम इथे लावावा. नवा जीव खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या भांड्यात हलवून तळाला काय पडते ते पाहावे आणि चार ते सहा आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवावे. विक्रेत्यांनीही हे गिऱ्हाइकाला विक्रीआधी सांगायला हवे. भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून त्यांचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही हौसेने आणलेला असो. उपचारानंतरचे खारे, औषधाचे पाणी रंकाळ्यात किंवा पंचगंगेत ओतणेही तितकेच चुकीचे आहे.

वेगळा टँक ठेवण्याइतकी जागा आणि महिनाभराचा धीर नसेल, तर प्रवाळांचा टँक घरी आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोड्या पाण्यातले मासेही सुंदर असतात आणि चुकीला जास्त वाव देतात.