चित्रकलेकडे वळलेला मुलगा

सुशिक्षित घरांत हल्लीं एक प्रश्न वारंवार निघतो, आणि तो बहुधा जेवणाच्या पंक्तीवरच निघतो. मुलगा हुशार आहे, गणितांत गुण चांगले आहेत, एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा त्यानें वरच्या श्रेणींत दिल्या आहेत. आणि आतां तो म्हणतो कीं, मला हेंच शिकावयाचें आहे. बरें, चित्रकला म्हणावी तर दिवसा तो छायाचित्रें काढीत हिंडतो आणि रात्रीं संगणकावर कोणाच्या लग्नपत्रिकेची नाहीं तर दुकानाच्या पाटीची मांडणी करीत बसतो. वडील मंडळी म्हणतात, 'याचें मन एका ठिकाणीं ठरत नाहीं. जो तिन्हींमागें धांवतो त्याच्या हातीं एकहि लागत नाहीं.' हदगांवांतील एका परिचित कुटुंबांत असा वाद चालला असतां आम्हांस मत विचारण्यांत आलें. त्या वेळीं आम्हीं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचें चरित्र पुढें केलें. तेंच येथें थोडें विस्तारानें देतों.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म १८९० सालीं कोल्हापुरांत एका कारागिराच्या घरीं झाला. शाळेचें शिक्षण थोडें. कलाशाळेचें तर मुळींच नाहीं. बंधु आनंदराव यांच्यासह ते तरुणपणीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत, आणि 'पेंटर' हें नांव त्यांस याच कामानें चिकटलें. पडदा रंगविणें म्हणजे हलकें काम, असें समजणारे पुष्कळ आहेत. पण विचार करून पाहावा. सपाट कापडावर महालाची खोली भासली पाहिजे. पुढें उभ्या असलेल्या पात्राचा शालू मागच्या रंगांत बुडतां कामा नये. आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडांत निळा रंग हिरवट दिसतो, याचा हिशेब दिवसाच करून ठेवावा लागतो. चित्र, रचना आणि प्रकाश हे तीन विषय त्या एका कापडावर शिकून होतात.

पुढें दोघां बंधूंस चित्रपटाचा नाद लागला. कॅमेरा स्वतःच तयार करावा, या खटपटींत असतां १९१६ सालीं आनंदराव वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें. तानीबाई कागलकर या गायिकेनें द्रव्याची मदत केली, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें आला.

या चित्रपटांत बाबूरावांनीं केलेली एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ज्या रंगविलेल्या पडद्यांवर त्यांनीं नांव मिळविलें, तेच पडदे त्यांनीं पुढें दूर सारले आणि त्यांच्या जागीं भरीव देखावे उभारले. रंगविलेल्या खांबाची सावली एकाच बाजूस कायमची पडलेली असते. खऱ्या माणसाची सावली सूर्याबरोबर फिरते. नाटकगृहांत हा विरोध खपून जातो, कॅमेऱ्यापुढें खपत नाहीं. ज्यानें सावली स्वतः रंगविली नाहीं, त्याला हें इतक्या लवकर उमगलें असतें काय? 'सिंहगड' (१९२३) मध्यें त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पात्रांचे वेष व प्रसंगांची मांडणी ते चित्रण करण्यापूर्वीं कागदावर रेखाटीत. चित्रपटाचीं जाहिरातचित्रेंहि ते स्वतः काढीत. १९२४ सालच्या 'कल्याण खजिना'चें जाहिरातचित्र आपल्या देशांतील टिकून राहिलेल्या जुन्यांत जुन्या अशा चित्रांपैकीं मानलें जातें. १९२५ सालच्या 'सावकारी पाश'मधील अंधारी झोपडी आणि तेथें रडणारें कुत्रें यांची आठवण जाणते लोक अजून काढतात. तेथें छायाचित्रकार कोठें संपतो आणि चित्रकार कोठें सुरू होतो, हें सांगणें कठीण आहे.

आपल्या शास्त्रकारांसहि हें ठाऊक होतें. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत वज्र राजा मूर्ति कशी घडवावी हें विचारतो, तेव्हां मार्कंडेय त्यास सांगतात कीं, चित्र जाणल्यावांचून मूर्ति कळत नाहीं, नृत्य जाणल्यावांचून चित्र कळत नाहीं, आणि असें करीत करीत गोष्ट गीतापर्यंत जाते. यशोधरानें कामसूत्राच्या टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत, त्यांत एक 'सादृश्य' आहे. आजचें यंत्र सादृश्य फुकट देतें. म्हणून ज्यानें केवळ यंत्रच हातीं धरलें, त्यास काम पुरें झाल्याचा भ्रम होतो. प्रमाण आणि लावण्ययोजना हीं दोन अंगें मात्र यंत्रांतून निघत नाहींत. आमच्या बसस्थानकासमोर वाढदिवसांचे जे भव्य फलक लागतात, त्यांतील चेहरे हुबेहूब असतात आणि फलक पाहवत नाहींत, याचें कारण हेंच.

मग मन चंचल आहे कीं विद्या वाढत आहे, हें ओळखावें कसें? मुलास देवघरांतील समई अगोदर पेन्सिलीनें काढावयास सांगावी, नंतर तिचें छायाचित्र घेण्यास सांगावें. रेखाटनानंतरचें छायाचित्र अगोदरच्या छायाचित्रांहून निराळें आलें, तर तिन्ही कला एकाच मुळावर वाढत आहेत असें समजावें. मुलगा रेखाटनासच कंटाळला, तर वडिलांची शंका खरी.

द्रव्याविषयीं मात्र आम्ही कोणासहि खोटी आशा दाखविणार नाहीं. १९२९ सालीं दामले, फत्तेलाल व शांताराम यांनीं 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाहीं. याच दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' (१९३६) व्हेनिसपर्यंत गौरविला गेला; गुरु मात्र कोल्हापुरांत चित्रें व पुतळे करीत राहिले आणि १९५४ सालीं वारले. कलेंत यश व अर्थ यांची वांटणी न्यायानें होतेच असें नाहीं, हें मुलास आजच सांगून ठेवावें. तरीहि आतां बाबूरावांसारखें वाटेवर वाट काढीत शिकावें लागत नाहीं. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ पासूनची आहे, आणि आपल्या मराठवाड्यांत छत्रपति संभाजीनगर येथें शासनाचें कलामहाविद्यालय आहे. प्रवेशपरीक्षेची तयारी घरींच करतां येते. जुन्या वाड्यांत माडीवर उत्तरेच्या अंगास एखादी खिडकी असतेच. तेथील उजेड दिवसभर फारसा बदलत नाहीं. तेथल्या ट्रंका व गाद्यांची चळत हलवून ती जागा वर्षभर मुलास द्यावी.