तिजोरीचे दार आणि पुलाचे आकाश

टोकियोच्या निहोनबाशी या जुन्या व्यापारी पेठेतल्या 39 मजली मित्सुई टॉवरपेक्षा मला, जुन्या बँकवाल्याला, शेजारच्या 1929च्या इमारतीतली तिजोरी अधिक खुणावते. तिचे दार तब्बल 50 टनांचे! 1911चा दगडी पूल खचेल म्हणून ते पुलावरून नेऊ दिले नाही. नदीतून आणावे लागले. त्याच पुलाच्या डोक्यावर 1963 साली उन्नत महामार्ग आला.

2005चा टॉवर हा मात्र सरळ व्यवहार : जुनी इमारत राखा, बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्या. खाली दुकाने, मधे कचेऱ्या, माथ्यावर हॉटेल. कुणी याला वारशाचा सौदा म्हणेल, म्हणो बापडे. मला तो रास्त वाटतो. इमारत ताळेबंदात शिरली, म्हणून वाचली. पुलावरचे आकाश कुणाच्याच खात्यावर नव्हते. महामार्ग जमिनीखाली नेऊन ते मोकळे करायला आता 2040ची मुदत आहे.